दुसरा रकाना

१२ जानेवारी, रविवार

एम.एस्सी.च्या सरांनी बाबांच्या वह्या मागवल्या आहेत, या वेळी सातही. प्रकल्पाचा विषय नक्की झाला : आंतरतारकीय धुळीमुळे ताऱ्यांचा प्रकाश मंद व तांबूस होणे. शेवटचे प्रकरण बाबांच्या निरीक्षणांचे असेल. सर म्हणाले, "बेटा, सात सर्दियाँ, हर साफ शाम, और दो-दो देखने वाले! ये तो छपने लायक चीज है."

दो-दो. दुसरी मी.

घरी परतले तो टेबलावर समन्स. साक्षीदार म्हणून माझे नाव, तारीख ११ मार्च. वाऱ्याने उडू नये म्हणून आईने त्यावर अडकित्ता ठेवलेला.  

दोन्ही एकाच दिवशी यावे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काका चौबे कॉलनीतून तिळगूळ घेऊन आले. बाबांचे धाकटे भाऊ. बाबा गेल्यापासून घरातले मोठे निर्णय तेच घेतात आणि ते बरेही वाटते.

"सांगायचं काय ते ठाऊक आहे न, शुभा? जे लिहिलं तेच. ट्रक अंधारात उभा, मागं लाइट नाही, दगड नाही, फांद्या नाही. बस. घाबरायचं नाही."

मी हो म्हणाले.

"दादा वीस वर्षं स्कूटर चालवून राहिला होता. त्याची चूक होऊच शकत नाही."

यालाही हो म्हणाले.

शेजारच्या बायका हळदीकुंकवाला समोरच्या घरी चालल्या होत्या. आईने खिडकीचा पडदा ओढून घेतला, ऊन येते म्हणून. ऊन त्या खिडकीत दुपारनंतरच येते.

१६ जानेवारी, गुरुवार

हे एकदा कुठेतरी लिहिले पाहिजे.

तेरा महिने झाले. बाबा आणि मी दुर्गकडून, मावशीच्या घरून परतत होतो. मी स्कूटरवर मागे बसलेली, मांडीवर बोरांची पिशवी. सूर्य मावळून अर्धा तास झाला असावा. उजेड पुरता गेलेला नव्हता. रस्त्याच्या डाव्या अंगाला बिघडलेला ट्रक उभा होता. त्याच्या मागे, सडकेवर, बेशरमाच्या, त्या नाल्याकाठी कुठेही उगवणाऱ्या झुडपाच्या, तीन-चार फांद्या टाकलेल्या होत्या, गाडी बंद पडली की ड्रायव्हर लोक टाकतात तशा. पाने ताजी होती. मला ती दिसली.

मी वाट पाहिली. आता बाबा उजवीकडे घेतील. त्यांना दिसल्याच असतील. मला दिसले आणि बाबांना दिसले नाही, असे आमच्या घरात कधी घडलेले नव्हते.

त्यांनी घेतले नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात हवालदार आले. माझा हात प्लास्टरमध्ये. काका खाटेशी उभे होते. हवालदारांनी विचारण्याआधीच म्हणाले, "मागं फांद्या-बिंद्या काही नव्हत्या न, शुभा?" मी मान हलवली. हवालदारांनी लिहिले : फांद्या नव्हत्या. मग वाचून दाखवले.

ड्रायव्हरचे नाव फिरतूराम. तो पहिल्या दिवसापासून सांगतो आहे की बॅटरी उतरली होती, म्हणून त्याने फांद्या ठेवल्या. त्याच्यावर खटला आहे. लायसन जमा.

२४ जानेवारी, शुक्रवार

सरांच्या सांगण्यावरून आठवा हिवाळा मी पुरा करायचा. म्हणजे बाबांची मालिका कमीत कमी एक वर्ष पुढे जाईल.

आज गच्चीवर गेले. तेरा महिन्यांत प्रथमच. आधी ओल्या फडक्याने कठडा पुसला, फडके काळे झाले. शहर राजधानी झाल्यापासून कारखाने वाढले आणि ही काळी भुकटी रोज पडते. वाळत घातलेले कपडे दुसऱ्यांदा धुवावे लागतात. बाबा म्हणायचे, दोन प्रकारच्या धुळीतून पाहायचे आहे, एक आपल्या तात्यापारा मोहल्ल्याची आणि एक तिथली, ताऱ्यांमधली.

पद्धत तीच, जुनी. कृत्तिकांच्या पुंजक्यातली सर्वांत ठळक ती अंबा, निळसर पांढरी. तुलनेसाठी जवळच, सारथीतला एक नारिंगी तारा. वहीत अं. आणि ना. एवढेच. ना.पेक्षा अं. किती पायऱ्यांनी मंद, ते डोळ्यांनी ठरवायचे. दहा पायऱ्यांची एक प्रत, म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे एक माप. पहिला रकाना बाबांचा, दुसरा माझा.

पहिल्या हिवाळ्यात बाबांना अं. दोन पायऱ्या मंद दिसली. पुढे तीन. मग चार, पाच. शेवटच्या डिसेंबरात सात. बाबांचा निष्कर्ष : कृत्तिकांच्या वाटेत धुळीचा ढग सरकतो आहे, निळे अडवतो, तांबड्याला जाऊ देतो. म्हणून निळी अंबा विझत चालली आणि नारिंगी होता तसाच आहे.

सिंचन खात्यात ड्राफ्ट्समन असलेल्या माणसाने तात्यापाऱ्याच्या गच्चीवरून हे पाहिले.

आज मी पाहिले. बराच वेळ. अंधारात डाव्या बाजूला, जिथे त्यांची खुर्ची असे, तिथून स्पष्ट ऐकू आले : "सात."

मला दोन दिसल्या.

२५ जानेवारी, शनिवार

दोन.

२७ जानेवारी, सोमवार

दोन. फार तर अडीच. "सात" आजही ऐकू आले. वळून पाहिले नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

सरांना सांगितले की आकडा जुळत नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "हो सकता है बादल आगे निकल गया हो."

ढग तेरा महिन्यांत निघून जाईल, आणि अंबा नेमकी पहिल्या पानावरच्या आकड्यावर परत येईल? सरांनाही पटले नसावे. म्हणाले, शहराची धूळ तपासून पाहा. मी तपासली आहे. दोन्ही तारे जवळजवळ आहेत, दोन्ही डोक्यावर. कारखान्यांचा धूर पडला तरी जवळपास दोघांवर सारखाच पडेल, पाच पायऱ्यांचा फरक पाडणार नाही. शिवाय धूर तेव्हापेक्षा आज जास्त आहे.

"लेकिन बेटा, तुम्हारे पिताजी अकेले होते तो मैं शक करता. दूसरा कॉलम भी तो वही कह रहा है."

मी वह्या उचलल्या आणि निघाले. सदर बाजारातून येताना स्कूटरींच्या गर्दीत पंधरा मिनिटे अडकले होते, एवढेच लक्षात आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

दुसरा रकाना.

पहिला हिवाळा मी खरोखर पाहिला होता. चौदा वर्षांची होते. बाबा आधी त्यांचा आकडा उच्चारत, मग विचारत, "तुला, शुभा?" पहिल्या हिवाळ्यात दोघांच्या आकड्यांत कधी अर्ध्या पायरीचा फरक आहे, कधी काहीच नाही. दुसऱ्या हिवाळ्यात एका संध्याकाळी बाबा म्हणाले "तीन" आणि मला दोन दिसत होत्या. मला आठवते ती संध्याकाळ. मला वाटले, मी अजून नीट शिकलेले नाही. म्हणाले, "तीन."

त्यानंतर मी पाहणे बंद केले. वर मान करत होते, पण पाहत नव्हते. बाबांचा आकडा येण्याची वाट पाहत होते. शाळेत नेहमी पहिली येणारी मुलगी, जिच्या उत्तरपत्रिका बाई इतर वर्गांत दाखवत, तिने सहा वर्षे एकाच विषयाची नक्कल केली, आणि ती मुलगी फार जुळवून पाहते असे बाबा पाहुण्यांना सांगत राहिले.

दुसरा निरीक्षक पहिल्याचा आकडा ऐकण्याआधी आपला लिहून ठेवतो. कोणत्याही पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात हे असते. बाबांना ठाऊक नव्हते. मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी ठाऊक झाले, आणि मी

५ फेब्रुवारी, बुधवार

पुस्तकातले उतरवून ठेवते, डोके शांत होते. धूळ ताऱ्याला तांबडा करत नाही. धुळीचे कण धुराच्या कणांइतके बारीक. निळा प्रकाश त्यांच्यावर आदळून दिशा सोडतो, तांबडा तेवढा पार निघतो. ताऱ्याच्या अंगात निळे असतेच, ते फक्त वाटेत हरवते. आणि वाटेत धूळ आहे हे ठाऊक नसेल, तर पाहणारा मंदपणाचा अर्थ अंतर असा लावतो. तारा आहे त्यापेक्षा दूर मांडला जातो.

तारा बदललेला नाही, हे आता मला नक्की आहे. धूळ आहे, हेही नक्की. आकडे खोटे बोलत नाहीत, बाबा तर कधीच नाही. मग ती धूळ कुठे आहे?

९ फेब्रुवारी, रविवार

सापडली. ट्रंकेत.

लोकरी कपडे ठेवायला आईने ट्रंक उघडायला सांगितली. तळाशी बाबांचे ऑफिसचे शर्ट. पांढरे. म्हणजे पांढरे नव्हेत. सगळे निळसर, काहींवर नीळ साचून ढगांसारखे डाग. मी ते उजेडात धरून उभी राहिले.

"काहून पाहून राहिली त्यायले?" आई म्हणाली. "ठेव खाली."

"आई, हे एवढे निळे कशाने?"

"त्यांच्याच हातानं. शेवटची दोन-तीन वर्षं स्वतः नीळ टाकायचे. मले म्हणत, तू शर्ट पिवळे करून टाकले. पिवळे कुठं होते? पांढरेशुभ्र होते. मी सांगून सांगून थकली. डबीच्या डबी रिकामी करायचे बादलीत, तरी म्हणत, अजून पिवळाच आहे." मग हसली, थोडेसे. "ऑफिसात नीलम साहेब नाव पडलं होतं. यायले वाटे, अंगठी घ्यायची म्हणून चिडवतात."

मी विचारले, डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी गेले होते का.

आईने ट्रंकेचे झाकण लावले. शर्ट माझ्या हातातच राहिला होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज स्वयंपाकघरात, पाठमोरी असताना, आईने सांगितले. तिच्या शब्दांत लिहिते.

"गेले होते. दिवाळीच्या आधी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणे, लवकर करून घ्या. हे म्हणाले, कृत्तिका मावळू द्या, एप्रिलात करू. मधातच डोळा बदलला तर वहीचा हिशेब बिघडते म्हणे. मले शपथ घातली, शुभाला सांगायचं नाही. तिचा वहीवरचा विश्वास जाईल."

पोळी उलटली. तव्याचा धूर झाला तरी खिडकी उघडली नाही.

"मी म्हटलं होतं, संध्याकाळची गाडी चालवू नका. तर काय म्हणे? शुभा असते न मागं. तिचे डोळे आहेत."

 पोळ्या झाल्या, आईने ताट वाढले, मी जेवले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सातव्या वहीच्या शेवटच्या पानाची मागची बाजू. तिकडे मी कधी पाहिले नव्हते, कारण ती मालिकेचा भाग नव्हती. बाबांच्या नकाशावरच्या अक्षरात, बारीक :

"डोळा मंद झाला आहे. परंतु अं. व ना. दोन्ही याच डोळ्याने पाहतो. मंदपणा दोहोंस सारखा. फरक विश्वसनीय. शिवाय शु.चे आकडे जुळतात."

तर्क किती नेटका आहे. मीही असाच केला असता. चुकले एवढेच की मोतीबिंदू राखाडी नसतो. पिकत जाणारे भिंग पिवळे, मग तपकिरी होते. निळे अडवते, तांबड्याला जाऊ देते, अगदी धुळीसारखे. म्हणून निळी अंबा विझली, पांढरे शर्ट पिवळे झाले आणि हिरवी पाने संध्याकाळच्या सडकेवर सडकेसारखीच काळी.

शिवाय शु.चे आकडे जुळतात.

त्यांनी स्वतःचा डोळा तपासून पाहिला होता. माझ्या रकान्यावर. मी एकदा, एका संध्याकाळी "दोन" म्हणाले असते तर बाबा थांबले असते. ते वाद घालणारे नव्हते. त्यांनी वही बंद केली असती, चष्मा पुसला असता, दुसऱ्या दिवशी डोळे करून घ्यायला डॉक्टरकडे गेले असते. मला ते इतके स्पष्ट दिसते की घडले नाही याचीच खात्री करावी लागते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मध्ये लिहिले नाही.

आज सकाळी फाटकाशी एक माणूस उभा होता. पायांत रबरी चपला, बगलेत कापडी पिशवी. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. मी ओळखले नाही, त्याने ओळखले.

"बहिनी, मैं डारा रखे रहेंव."

फांद्या ठेवल्या होत्या. एवढेच. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. कोणी रस्ता विचारावा तसे.

आई आतून आली. "कोण आहे?" मग ओळखून, "भैया, तुम जाओ. कोर्ट में बोलना जो बोलना है."

"उहाँ त बोलबे करथंव, दाई. कोनो मानय नहीं." तो आईकडे पाहतही नव्हता, माझ्याकडे पाहत होता. "बहिनी ह देखे होही, मोर बाई कहिथे. पाछू म बइठे रहिस."

आईने दार लावले. मी दाराच्या आतल्या बाजूला केव्हा आले ते मला कळले नाही. आई म्हणाली, "काय म्हणत होता तो शेवटी? मागं बसली होती म्हणून?"

मी म्हणाले, नीट ऐकू आले नाही.

त्याची बायको मला कधी भेटलेली नाही. मागे बसलेल्या मुलीला फांद्या दिसल्या असणार, हे तिने तिच्या झोपडीत बसून बरोबर मोजले.

संध्याकाळी ढगाळ. नोंद नाही. तरी गच्चीवर गेले. खुर्चीच्या जागेवरून आज काही ऐकू आले नाही, आणि ते जास्त वाईट होते.

१ मार्च, शनिवार

सरांना सर्व सांगितले. म्हणजे वह्यांचे सर्व. दुसरा रकाना नक्कल आहे, पहिला मोतीबिंदू आहे. बोलताना टेबलाच्या कडेकडे पाहत होते. टेबलावर कुणीतरी कर्कटकाने बाण कोरलेला आहे.

सरांनी वह्या आपल्याकडे ओढल्या. मग म्हणाले, "तुमने ये किसी को नहीं बताया?"

"नहीं सर."

"छह साल?"

"जी."

वाटले, आता रागावतील. त्यांनी सातवी वही उघडली, मागचे पान वाचले, त्यांना मराठी येते. "फरक विश्वसनीय," असे हळूच म्हणाले. मग : "बेटा, ये चैप्टर निकालना मत. यही लिखो. धूल कहाँ थी, ये लिखो. तुम्हारे पिताजी ने अपनी आँख का सात साल का ग्राफ बनाया है, और किसने बनाया होगा?"

येताना हलके वाटायला हवे होते. वाटेत, चौकात, बिघडलेली जीप उभी होती. मागे दगड आणि कडुलिंबाची डहाळी. लोक सहज वळून जात होते. एक म्हातारा सायकलवाला, एक शाळेची मुलगी. सगळ्यांना दिसत होती.

८ मार्च, शनिवार

काका. उजळणी घेतली. "वकील विचारेल, किती वाजले होते? काय सांगशील?"

सांगितले.

"मागं काही निशाणी होती?"

मी पाणी प्यायले.

"अगं पोट्टी, बोल न. नव्हती."

मी पेला पालथा ठेवला.

"आता हिला समोर बोलताच येत नाही," काका आईला म्हणाले, प्रेमाने. "लहानपणापासून अशीच. पुस्तकात तोंड. वहिनी, तुम्ही करून घ्या हिची तयारी." मग दारात थबकून, "त्या ट्रकवाल्याला सुटू द्यायचं नाही. दादाच्या फोटोसमोर मी बोललो आहे."

काकांनी त्या रात्री बाबांना एकट्यांनी उचलून गाडीत ठेवले होते. त्यांचा शर्ट कोणी धुऊ शकले नाही. हे मी विसरू नये.

१० मार्च, सोमवार

उद्या तारीख.

कोणाचाही आकडा ऐकण्याआधी लिहून ठेवते, इथे, पेनाने :

ट्रकच्या मागे फांद्या होत्या. बेशरमाच्या. तीन किंवा चार. पाने हिरवी. मला दिसल्या. मी बोलले नाही.

वर तारीख आहे. खाली सही करते. शुभदा.

११ मार्च, मंगळवार

जज्जसाहेब रजेवर. पेशकाराने, म्हणजे कोर्टाच्या कारकुनाने, नावे पुकारली आणि सर्वांना पुढची तारीख दिली, १७ एप्रिल. दोन मिनिटांत संपले. इतक्या दिवसांची भीती दोन मिनिटांत मावत नाही, ती तशीच अंगावर राहिली.

फिरतूराम बाहेर झाडाखाली होता. डबा उघडून भात खात होता. माझ्याकडे पाहिले, घास खाली ठेवला, नुसता बसून राहिला. मी त्याच्या समोरून गेले.

ऑटोत काका खुशीत होते. "बरं झालं. तुले अजून महिना मिळाला. पुढच्या वेळी असंच, फांद्या नव्हत्या, ट्रकचा लाइट..."

"होत्या, काका."

"काय होत्या?"

"फांद्या. मला दिसल्या होत्या."

ऑटो खड्ड्यात आदळला. काकांनी दांडी धरली, सोडली नाही.

"तू शुद्धीत नव्हती."

"धडकायच्या आधी होते."

"तेरा महिने..." ते माझ्याकडे वळले. "पंधरा महिने तू... आणि आता? काय सांगशील कोर्टात? माझा बाप आंधळा होता? लोकांसमोर? दादाच्या मागं?"

मी म्हणाले, "आंधळे नव्हते. त्यांना निळे आणि हिरवे कमी दिसत होते."

किती मूर्खासारखे वाक्य. पण दुसरे माझ्याकडे नव्हते.

ऑटोवाला आरशातून पाहत होता. काका तात्यापाऱ्याच्या तोंडाशी ऑटो थांबवून म्हणाले, "उतर." घरात आले नाहीत. आईने त्यांच्यासाठी पोहे करून झाकून ठेवले होते.

१२ मार्च, बुधवार

फोन आईने घेतला. दुपारी, बराच वेळ. काका बोलत होते, आई फक्त हं म्हणत होती. फोन ठेवून ती धुणे भिजवायला गेली.  

संध्याकाळी मी वही घेऊन वर गेले. कृत्तिका आता पश्चिमेला कललेल्या. महिन्याभरात सूर्याच्या उजेडात बुडतील. अर्धा चंद्र जवळ होता, तरी अंबा दिसत होती.

आई वर आली. दोरीवरचे कपडे काढायला आली असे मला वाटले. दोरीवर एकच कपडा होता, बाबांचा शर्ट, तिने आज धुतलेला. नीळ पुरती निघाली नव्हती. तो तिने काढला नाही. बाबांची खुर्ची असायची त्या जागी कठड्याला टेकून उभी राहिली.

"तुले दिसल्या होत्या?"

"हो."

"किती लांबून?"

हे मला आजवर कोणी विचारले नव्हते. मी मनात रस्ता मोजला.

"चाळीस पावलं. जास्तही असतील."

"चाळीस." तिने तो शब्द तोंडात ठेवला. "चाळीस पावलांत एक शब्द निघत नाही?"

  खाली कोणाच्या तरी घरी कुकरची शिटी झाली, मुले पकडापकडी खेळत होती, एकजण ओरडत होता की तो आऊट नाही.

"मीबी नाही बोलली," आई म्हणाली. "शपथ होती म्हणून. नाहीतर तुले सांगितलं असतं, पोट्टी, बाबांचे डोळे गेले आहेत, तू पाहत जा." कठड्यावरून बोट फिरवले, काळे झालेले बोट पदराला पुसले. "सतरा एप्रिलला मी येते कोर्टात."

मी तिच्याकडे पाहिले.

"कोणाच्या बाजूनं बसीन, ते आत्ता नको विचारू मले."

खाली गेली. जिन्यावर तिची पावले मी मोजली, मग वही उघडली.

अं.–ना.

पहिला रकाना : —

दुसरा : दोन.